पातळ डोक्याचे स्क्रू

आमच्या घरात बायका पुरुषांच्या मागून जेवत आणि मी पुरुषांच्या पंगतीला बसत असे. हे सांगितलं की माझ्या भाच्या म्हणतात, "म्हणजे मावशी, तुमचे लाडच होते की!" त्यांचं काय चुकलं? ऐकणाऱ्याला तसंच वाटणार. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डाव्या हाताला माझं ताट असे. पहिल्या फुगलेल्या भाकऱ्या त्या पंगतीला येत, वांग्याच्या भाजीवरचा तवंग आमच्याच वाट्याला येई, आणि काकांच्या ताटात पडेल तेवढीच काकवी माझ्याही ताटात पडे. सोप्यात जेवताना कुणी बोलत नसे. पाण्याची पाळी कधी आहे, बैलाचा खूर कसा आहे, एवढंच. भाकरी मोडल्याचा, ताक भुरकल्याचा आवाज आणि दूरवर कारखान्याचा भोंगा. मग पुरुष उठत, हात धुऊन बाजेवर आडवे होत, आणि आत स्वयंपाकघरात बायकांची ताटं मांडल्याचा आवाज येई. त्यानंतर सुरू व्हायचं ते मला हवं असायचं. आधी कुजबुज, मग थोरल्या काकींचा जाड आवाज, मग एकदम सगळ्या जणी हसायच्या. माझी आई हसताना खोकायची. ती सोप्यात कधी हसलेली मला आठवत नाही. पोट भरलेलं असायचं आणि मी भिंतीला टेकून त्या खोकल्याची वाट बघत बसायची.

आमची वस्ती भवानीनगरच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला होती. ऊस होताच, पण दादांचा जीव वांगी, मेथी, घेवड्यात. घर नवं होतं, तीन खोल्या एकामागे एक: पुढं सोपा, मधे शहाबादी फरशीचं माजघर, मागं स्वयंपाकघर. स्वयंपाकघराची जमीन मातीची, शेणानं सारवलेली. चुलीच्या वरच्या कोनाड्यात देव. त्यामुळं चामडं आणि पायताण माजघराच्या उंबऱ्यापलीकडे जायचं नाही, हा नियम. नियम चांगलाच होता. फक्त माझा एक पाय पायताणाला जोडलेला होता, ही त्यातली अडचण.

चार वर्षांची असताना मला ताप आला आणि उतरताना उजवा पाय घेऊन गेला. पुढं पुण्याच्या एका दवाखान्यातून बूट मिळाला: दोन्ही बाजूंना लोखंडी सळ्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, सळ्यांची टोकं बुटाच्या टाचेतल्या नळीत अडकवलेली. तो बूट ज्यानं बनवला त्याच्या घरात माणसं बूट घालून चुलीपाशी जात असावीत. मी त्यावर शाळेत जाई, बांधावर जाई, दादांबरोबर पार कालव्याच्या पुलापर्यंत जाई. सोप्यापर्यंत त्याला मुभा होती. त्यापुढं जायचं तर सगळं सोडून ठेवायचं आणि हातांवर भार देऊन बसल्याबसल्या सरकायचं. लहानपणी मी सरकतही होते. फरशीवर परकराचा आणि पायाचा फरफर आवाज व्हायचा, आई आतून म्हणायची, "आली बगा माजी बाई." पण अकराव्या वर्षी एका नागपंचमीला वस्तीवरच्या मुली आत जमल्या होत्या. मी सरकत माजघर ओलांडलं तशी त्यातली एक म्हणाली, "आगं, ही अजून रांगती!" ती वाईट मुलगी नव्हती, तिला खरंच नवल वाटलं होतं. माझी चुलतबहीण शालन तिला कोपरानं ढोसत होती, तेही मी पाहिलं. मी तशीच मागं फिरले. त्या दिवसापासून दोन वर्षं मी माझ्याच घरातलं स्वयंपाकघर पाहिलं नाही. आई विचारायची, "सुमे, येतीस का गं आत?" मी म्हणायची, "मला हितंच बरं हाय." बरं काही नव्हतं. पण एकदा म्हणून बसलं की ते मागं घेता येत नाही, निदान मला तरी कधी आलं नाही.

किसनतात्या कारखान्यात फिटर होते. आमच्याच वस्तीच्या पलीकडं खोली करून एकटे राहत. कामावरून सुटले की आमच्या गोठ्याशेजारी बसून मोटेच्या चाकाचा कणा, कडबा कापायचं यंत्र, कुणाची सायकल, काहीबाही दुरुस्त करत. बोलायचे थोडं आणि तेही हातातल्या वस्तूशी. मी त्यांच्यासमोर दगडावर बसलेली असायची, कारण संध्याकाळी मला बसायला दुसरी जागा नव्हती. एक दिवस कानस थांबवून त्यांनी माझ्या बुटाकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्या सळ्या टाचंतनं निगत्यात न्हवं?"

"निगत्यात. झोपताना काडती की."

"मग बूटच का पायजे त्यास्नी? दुसरं कायबी बसंल त्यात." आणि पुन्हा कानस सुरू. चार दिवसांनी त्यांनी बाभळीच्या लाकडाचा एक तळवा आणला, माझ्या पावलाच्या मापाचा, जेमतेम बोटभर जाड. टाचेपाशी नळी असलेली लोखंडी पट्टी, पट्टीला चार भोकं, भोकांत आटे पाडलेले. खाली घसरू नये म्हणून सायकलच्या टायरची पातळ पट्टी. चामड्याच्या पट्ट्यांऐवजी जाड कापडी पट्टे. "लाकूड, लोखंड, कापड. चामडं एक तसूभर न्हाय. इचार तुज्या काकीला, हे चुलीम्होरं चालंल का." काकींनी तो तळवा उलटापालटा करून पाहिला, वासही घेतला आणि म्हणाल्या, "चालंल. पाट तरी कशाचा असतुय?" माझा जीव भांड्यात पडला. आता फक्त ती लोखंडी पट्टी लाकडाला जोडायची राहिली होती, चार स्क्रूंनी, खालून.

आणि तिथंच घोडं अडलं. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा, पण मग माझी गोष्ट कळणार नाही.

किसनतात्यांकडे स्क्रूंनी भरलेला डबा होता. त्यातला गोल डोक्याचा स्क्रू त्यांनी तळव्याखाली धरून दाखवला. डोकं ज्वारीच्या चार दाण्यांएवढं बाहेर. "ह्यो धरंल चांगला. पन तू चालशील तवा फरशीवर वाजंल, आन सारवलेल्या भुईला भोकं पाडंल. तुजी काकी मला घरात घ्यायची न्हाय." मग त्यांनी दुसरा घेतला, वरून सपाट आणि खाली निमुळता, दारांच्या बिजागऱ्यांना असतो तसा. हा लाकडात पूर्ण बुडतो. पण तो बुडायचा म्हणजे लाकडात तेवढी खोल खोबण पाहिजे, आणि लाकूड बोटभरच. तळवा जाड करावा तर दुसरा पाय अनवाणी, मी एका अंगाला कलणार. पातळच ठेवून खोबण केली तर डोक्याखाली उरणार पापडाएवढं लाकूड. एक दिवस ते फुटणार आणि मी पडणार. "मग?" मी विचारलं. "मग पातळ डोक्याचा पायजे. डोकं रुंद, पन जाडीला पैशाएवढं. जरा खरवडलं की बसंल. त्याची खोड एकच, डोक्यावरची खाच उथळ असती. लई आवळला की पेचकस सटकतो, खाच मोडती. बेतानं आवळायचा आन महिन्याला बगायचा." तसा एकही त्यांच्या डब्यात नव्हता. मिळाला तर बारामतीच्या बाजारात, भंगाराच्या, मोडीच्या दुकानात मिळेल, असं ते म्हणाले. आणि त्यांना सुट्टी नव्हती, कारखान्यात उसाचं गळीत चालू होतं.

तर मी गेले. दादांची वांगी बारामतीला जायची होतीच. पहाटे गाडी जुंपली, पाट्यांच्या मधे मला बसवलं. किसनतात्यांनी एक नट सुतळीत ओवून माझ्या मनगटाला बांधला होता. "ह्यात हातानं फिरला तरच घ्यायचा. अडला तर न्हाय, डुगडुगला तर न्हाय. डोक्यावरनं अंगठा फिरीव, कड लागली तर न्हाय. दादाला घिऊ दिऊ नको, त्यो धा स्क्रू धा तऱ्हंचे आनंल." बारामतीत दादा अडतीवर गेले आणि मला मोडीच्या दुकानाच्या फळीवर सोडून गेले. दुकानदारानं माझ्यापुढं दोन पाट्या ओतल्या. तेल, गंज, माती. गिऱ्हाइकं येत होती, मला ओलांडून जात होती. एकानं विचारलं, "ही पोरगी काय निवडती, ज्वारी?" दुकानदार म्हणाला, "काय की बाबा. एक एक डोळ्यापाशी नेती आन टाकती." मला त्या हसण्याचं काही वाटलं नाही. तोपर्यंत माझ्यासाठी सगळं दुसऱ्यांनी निवडलेलं होतं: बूट, शाळेतली जागा, पंगतीतली जागा. ही पहिली गोष्ट मी निवडत होते, आणि मला तिची अक्कल होती. दुपार कलेपर्यंत पाच मिळाले. पाचव्याची खाच झिजलेली होती म्हणून तो परत पाटीत टाकला. दादा म्हणाले, "असू दे की, जास्तीचा." मी म्हटलं, "सटकंल त्यो." दादांनी माझ्याकडं जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं आणि गाडी वळवली.

आज माझ्या पायात जे साधन आहे ते प्लास्टिकचं, पिसासारखं हलकं, त्याचे स्क्रू कुठं आहेत ते मलाही नीट ठाऊक नाही. बसवून देणाऱ्या पोराला मी विचारलं तर म्हणाला, आजी, तुम्ही कशाला काळजी करता. त्याला काय सांगणार?

किसनतात्यांनी दुसऱ्याच संध्याकाळी ते चार बसवले. टायरच्या पट्टीवरून माझा अंगठा फिरवायला लावला. काही लागलं नाही. मी उभी राहिले, माजघराचा उंबरा ओलांडला, फरशी ओलांडली, दुसरा उंबरा ओलांडला. दोन वर्षांत चूल डावीकडून उजवीकडं गेली होती, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आईच्या हातात उंडा होता, तो तिनं तसाच परातीत टाकला. काकी म्हणाल्या, "या पाव्हनं!" शालननं मला तिच्याजवळ पाट दिला आणि त्या रात्री मी पहिल्यांदा बायकांच्या पंगतीत जेवले. भाकऱ्या गार होत्या, भाजीचा तवंग पुरुषांकडं गेला होता, ठेचा मात्र आतल्यांसाठी राखलेला, झणझणीत. काकींनी कुणाच्या तरी सासूची नक्कल केली आणि आई हसता हसता खोकली, माझ्या शेजारी बसून. मला इतका आनंद झाला होता की मला ठसका लागला. पंधरा-वीस दिवस मी जमिनीवर नव्हतेच. पीठ चाळायला, कांदे चिरायला, नुसतं बसायलाही आत जायची. पाय जरासाही वाजत नसे. किसनतात्यांचं काम चोख होतं.

मग एकदा शालनला बघायला इंदापुराकडची माणसं येऊन गेली. पोहे झाले, पानसुपारी झाली, माणसं गेली. जाताना त्यांच्यातल्या एका बाईनं सोप्यात माझ्याकडं बोट करून काहीतरी विचारलं होतं, आणि काकींनी हसून उत्तर दिलं होतं. मी थोडा वेळ बाहेर बसले आणि मग आत निघाले. मला पोह्यांचं भांडं खरवडायचं होतं, दुसरं काही नाही. माजघरात अर्ध्यावर आले तेव्हा काकी बोलत होत्या, "इचारत व्हत्या, जल्माचं हाय का तापाचं. मी म्हनलं तापाचं, घरान्यात न्हाय तसलं काय. आता बगू." मग आईचा आवाज आला, अगदी साधा, भाकरी थापताना बोलते तसा.

"त्या तापातच गेली आसती तर एकदाच रडले आसते मी."

काकी म्हणाल्या, "गप. काय बोलती."

"खरं तेच बोलती. हिचं मागं कोन करनार? मी हाय तवर हाय. आन तिच्या म्होरं तर रडताबी येत न्हाय."

मग तिच्या रडण्याचा आवाज आला. तो मी कधी ऐकलेला नव्हता. मी फरशीवर उभी होते, दारापासून चार पावलांवर, आणि त्यांना पत्ता नव्हता. आत जाऊन तिच्या गळ्यात पडावं असं वाटलं आणि तिला तवा फेकून मारावा असंही वाटलं, दोन्ही एकदम. मी दोन्ही केलं नाही. वळले आणि आले तशीच आवाज न करता बाहेर गेले, गोठ्याच्या मागं, आणि अंधार पडेपर्यंत तिथंच बसले. आईनं हाका मारल्या. नेहमीच्याच आवाजात, "सुमे, कुठं हायेस गं? पोहं ठिवल्यात तुला."

पुढचे काही दिवस मी पुन्हा सोप्यात जेवले. पाय दुखतोय म्हणून सांगितलं. आई तेल चोळायला आली, मी चोळू दिलं. तिचा हात माझ्या पायावर असताना मला सारखं वाटे, हिला आता रडायचं असेल तर ही कुठं जात असेल? ते घर तिचं होतं, पण त्यात तेवढी एकच खोली तिची होती, जिथं मी येत नव्हते. नव्हे, मी येतेय हे तिला आधी कळत होतं. सरकत यायची तेव्हा फरफर ऐकून तिला डोळे पुसायला वेळ मिळत असणार. "आली बगा माजी बाई" म्हणून आवाज नीट करायला वेळ मिळत असणार. आता मी चोरासारखी तिच्या पाठीशी जाऊन उभी राहत होते. राग होता, नाही असं नाही. तो पुष्कळ वर्षं होता. पण आत न जाता मला राहवत नव्हतं, आणि पुन्हा तसलं ऐकायची माझी तयारी नव्हती.

किसनतात्या कुणाच्या तरी सायकलीचं चाक फिरवून बघत होते. मी तळवा काढून त्यांच्यापुढं ठेवला.

"ह्ये पातळ डोक्याचं काडा. मोट्या डोक्याचं बसवा."

"का? ढिलं झालं?"

"न्हाय. वाजत न्हाईत."

"वाजू न्हाई म्हनूनच तर तू बारामतीस्नं हुडकून आनलं."

"माजा पाय कुठं पडतोय ते मलाच कळत न्हाय," मी म्हटलं. गोठ्याच्या मागं बसून मी हे वाक्य दहा वेळा घोकलं होतं. त्यांनी चाक थांबवलं. माझ्याकडं पाहिलं नाही, तळव्याकडंच पाहिलं. "भुईला भोकं पडतील," ते म्हणाले.

"पडू द्यात."

"चारी बसवीत न्हाय. घसरशील. टाचंला दोन बसवितो, म्होरलं राहू दे." आणि डबा उघडून त्यांनी त्यातले दोन गोल डोक्याचे माझ्या हातात दिले. "बग, नटात फिरत्यात का." मी फिरवून पाहिले. फिरत होते. एकटा माणूस होता, त्याला कुणी काय सांगितलं नाही ते ऐकू येत असावं, असं मला आता वाटतं. तेव्हा मला फक्त एवढं कळलं की तो आणखी विचारणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माजघर ओलांडलं. शहाबादी फरशीवर टक् टक् असा स्वच्छ आवाज झाला आणि आतलं बोलणं मधेच थांबलं. मी मुद्दाम सावकाश गेले. आत पोचले तेव्हा आई चुलीत फुंकर घालत होती आणि डोळे पुसत होती, आणि काकी धुराला शिव्या देत होत्या.

आठ दिवसांत स्वयंपाकघराची जमीन दारापासून चुलीपर्यंत भोकाभोकांची झाली. काकींनी कपाळाला हात लावला. "आगं, आधीचं काय वाईट व्हतं? सांग त्या किसनाला, काडून टाक म्हनावं ह्ये. रोज उठून कोन भुई लिपनार?" मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या जाऊबाई. मी लिपती." काकी म्हणाल्या, "तुला काय, हौस हाय का?" आई हातातली भाकरी परतत म्हणाली, "वाजलं म्हंजे मला तिची भाकरी तव्यावर टाकता येती. गार खाती ती आमच्यासंगं."

एवढंच. तिला काय कळलं होतं आणि काय नव्हतं, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. तिच्या शेवटच्या आजारात दोन महिने मी उशाशी होते, तेव्हाही नाही. ती रोज सकाळी शेणाचा गोळा घेऊन माझी कालची भोकं बुजवायची, दारापासून चुलीपर्यंत, ओणव्यानं, आणि दुपारी मी ती पुन्हा पाडायची. मी आत पोचेपर्यंत सगळ्या जणी दुसरंच काहीतरी बोलत असत, आणि माझ्या ताटात गरम भाकरी असे.